ओदिलियाला आम्ही चालू देईना

ओदिलिया सहा महिने चालायला बघत होती आणि आम्ही सगळे मिळून तिला चालू देत नव्हतो. आम्ही म्हणजे अमेरिकेत, जॉर्जियातल्या या गालिच्यांच्या गावात राहणारी, मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या एकाच खेड्यातून आलेली चाळीसेक घरं. त्यात मी, नाबोर, पहिला गुन्हेगार. तिच्या थोरल्या मुलीचा मी धर्मपिता, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणते आणि मी तिला कोमाद्रे. या नात्यातल्या माणसाला रस्त्यात सोडून पुढे जाता येत नाही.

खेड्यात ती काडीसारखी होती. दळणाला, नदीवर, डोंगरावरच्या शेतात, दिवसभर पायांवर. इथे एकवीस वर्षं गिरणीत उंच स्टुलावर बसून ती समोरून सरकणाऱ्या गालिच्यातले दोष शोधते. दहा तास बसायचं, मधल्या सुट्टीत तळलेले टाको आणि गोड सोडा, मग गाडीत बसून घरी. घरी उठायचं त्राण नाही. वजन दोनशे पंधरा पौंड. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, पोटं आम्हा सगळ्यांचीच सुटलेली.

मग तिच्या धाकट्या भावाची, सिक्स्तोची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा तो रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडलेला. ओदिलियाचं मूत्रपिंड त्याला जुळलं, पण इस्पितळाने सांगितलं, आधी वजन एकशे ऐंशीवर आणा. सिक्स्तोला कळलं तर तो नाहीच म्हणणार, म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही. कामावरून सुटली की गाडी गिरणीपाशीच ठेवून चालायला लागायची.

आता आमच्या रस्त्यावर आपला माणूस पायी दिसला, तर एक तर त्याची गाडी बंद पडलेली असते, नाही तर परवाना नाही म्हणून पोलिसांनी नेलेली. मी ब्रेक दाबायचो.

"कोमाद्रे, गाडी नेली की काय? चढा."

"नाही हो, जरा पाय मोकळे करतेय."

"या उन्हात? लोक म्हणतील, नाबोरला डोळे नाहीत. चढा आधी!"

ती चढायची. मी सोडलं तर मागून दुसरा कुणी उचलायचा.

तरी अर्धपोटी राहून उन्हाळ्यात ती एकशे पंच्याण्णववर आली. आमच्यात बाई बारीक झाली की दुखणं तरी असतं, नाही तर नवऱ्याचा जाच. "पार खंगलीय हो," माझी बायको चायो म्हणाली, "गाल बघितलेत का तिचे?" आणि पोसोलेचं, मका-मटणाच्या दाट रश्श्याचं, पातेलं घेऊन निघाली. तिच्यामागून इतर बायका मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामालेस घेऊन. समोर बसून खायला घालायचं. "आणखी एक घ्या. माझ्या हातचं गोड लागत नाही का?" ती खायची.

सप्टेंबरात इस्पितळाने वजन केलं. दोनशे तीन. आता डिसेंबरात या, म्हणाले.

त्याच आठवड्यात मी पुन्हा गाडी थांबवली. तिने दाराला हात लावला नाही. भर रस्त्यात ओरडली, "कोंपाद्रे, तुमच्या पाया पडते, जा! तिकडे सिक्स्तो मरतोय आणि तुम्ही मला गाडीत बसवताय!"

मग रडत रडत सगळं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाला सांगणार नाही, अशी मी शपथ घेतली आणि फक्त चायोला सांगितलं. रविवारच्या प्रार्थनेपर्यंत ते चाळीस घरांत पोचलं, सिक्स्तोच्याही.

सोमवारी तो यंत्रावरून उठून तसाच आला. चेहरा राखेसारखा. त्याने पिकअप तिच्याजवळ थांबवली आणि आतून दार उघडलं. मी नेमका मागेच होतो, काच खाली केलेली.

"बस गाडीत. मला तुझं काही नको."

"नको तर नको."

"बस म्हणतो ना! तुझ्या पोरांना आई लागते."

"तू नको म्हण, सिक्स्तो. मी चालणारच."

"किती दिवस?"

"तू आहेस तोवर."

त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. तिने दार बाहेरून हळूच लावलं आणि ती निघाली, घामाने पाठ भिजलेली, गुडघे दुखत असल्यामुळे डुलत डुलत. पिकअप बराच वेळ तिथेच उभी होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. माझा वाजवायला हात होईना.