मागची सीट

गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला उशीमास्तर म्हणत. कुणीतरी चेष्टेत ठेवलेलं नाव. पुढे चेष्टा विसरली गेली आणि नाव राहिलं. मालकही त्याच नावानं हाक मारी. मोटारसायकलची असो, ट्रॅक्टरची असो की रुग्णवाहिकेची, मास्तरच्या हाताखालून गेलेल्या सीटची तक्रार येत नसे. फोम कुठे टणक हवा, कुठे मऊ, कुठली शिवण मांडीला काचेल, हे त्याला बोटांनी कळे. बोलण्याची वेळ कमीच येई. यंत्रांच्या खडखडाटात कोण कुणाशी बोलणार?

कारखान्यात एक रीत होती, आणि ती मास्तरनंच पाडलेली. नवी सीट तयार झाली की तिच्यावर माणूस बसवायचा नाही, वाळूचं पोतं बसवायचं. कामगार त्या पोत्याला मावशी म्हणत. "मावशीला आण रे," "मावशीला नीट बांध, मागच्या खेपेला वळणावर उतरून गेली," असं दिवसभर चाले. मास्तरचं म्हणणं सरळ होतं. माणसाला विचारलं तर तो भिडेखातर 'छान आहे' म्हणतो. पोत्याला भीड नसते. ते पट्ट्यानं बांधायचं, गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवायची, पोतं उतरवायचं आणि फोमवर हात फिरवून ठसा बघायचा. एका जागी खोल गेला असेल तर सीट वाईट, सगळीकडे सारखा असेल तर चांगली. या रीतीनं त्याची हयात गेली आणि तिनं त्याला कधी दगा दिला नाही.

त्याची बायको इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. येणारा प्रत्येक फोन आधी तिच्याकडे. रडणारे, ओरडणारे, नाव विसरलेले, नुसतेच श्वास घेत थांबलेले, सगळ्यांना ती ऐकून घेई आणि योग्य जागी जोडून देई. बसायला पत्र्याची खुर्ची होती, एक पाय आखूड असलेली. त्या खुर्चीनं तिची पाठ कायमची धरली. जगाच्या बुडाखाली गाद्या घालणाऱ्याच्या बायकोला एक उशी मिळाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिनं घरी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, अनेकदा. मास्तर तेव्हा बहुधा जेवत होता.

दोघंही निवृत्त झाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर समोरासमोर आली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं ज्याला ती दमलेला समजत होती, तो दमलेला नव्हता. तो तसाच होता.

एके सकाळी चहाचा कप धुता धुता ती म्हणाली, "माझी थोरली ताई एकटी असते आता. तिच्याकडे जाऊन राहीन म्हणते."

"जा की. परत कधी येशील?"

"राहीन म्हणते आहे. जाऊन येईन असं नाही म्हटलं."

मास्तरनं वर्तमानपत्र खाली ठेवलं. हे तो सहसा करत नसे. खिडकीकडे बघून तो म्हणाला, "टेकडीवर जायचं राहिलंय आपलं."

लग्न झालं तेव्हा गावाबाहेरच्या जंगलातल्या पायवाटेनं दोघं त्या टेकडीवर चालत जात. वर पोचलं की दोन्ही बाजूंच्या दऱ्या एकदम दिसत. पुढे कामं लागली, मग पाठ गेली. आता ती वाट चालणं तिला शक्य नव्हतं.

"चालत नाही," तो म्हणाला, "गाडीनं. तुझ्या पाठीला जराही हिसका बसणार नाही अशी गाडी आणतो. दोघं जाऊ."

तिनं हात पुसले. "आणा. एकदा जाऊन येऊ. मग ठरवते."

मास्तरला एवढं पुरेसं होतं. बायको राहणार की जाणार हे एका सीटवर येऊन ठेपलं होतं, आणि सीट म्हटलं की त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्यानं दोन पोती एकावर एक जोडून शिवली, खालचं जड, वरचं हलकं. मधून कण्यासारखी एक फळी घातली. वजन बायकोचं. मेहुण्याला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, टेम्पो घेऊन बोलावलं. पोतं टेम्पोत चढवताना मेहुण्यानं त्याच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि जरा मागे सरून बघितलं.

"भाऊजी, खऱ्या ताईपेक्षा हीच बरी. हिला तोंड नाही."

मास्तर हसला नाही. त्यात विनोद कुठे आहे हे त्याला कळलं नाही. चाचणीला तोंड लागत नाही.

मास्तरला हवी होती ती एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, मोटारसायकलसारख्या हँडलची चार चाकी गाडी. दगड, चिखल, ओढा, कशातूनही जाते. पहिल्या दुकानदारानं एकट्यानं बसायची गाडी दाखवली आणि मागच्या सामानाच्या जाळीवर थाप मारून म्हणाला, "मॅडम इथं बसतील की! एक गादी टाकली की झालं." मास्तर पाठ फिरवून चालू लागला. मागच्या चाकाच्याही मागे वजन गेलं तर चढावर पुढची चाकं उचलतात, गाडी उलटते. मेहुणा मागून धावत आला. "अहो, निदान 'येतो' तरी म्हणा! तो बिचारा हात पुढे करून उभा आहे."

दुसरं दुकान मोठं होतं. तिथं काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिनं खास दोघांसाठी बनवलेली एटीव्ही दाखवली. सांगाडा लांब, त्यामुळे दोघांचं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. मागची सीट उंचावर, तिला पाठ टेकायची गादी, बाजूला धरायच्या मुठी, पाय ठेवायला रुंद जागा. मागची दोन चाकं एकमेकांवर अवलंबून नाहीत, एक खड्ड्यात गेलं तरी दुसरं जागेवर. मास्तर गाडीभोवती फिरला, वाकला, सीट दाबली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मेहुणा मुलीला म्हणाला, "आमच्या ताईला बघायला आले होते तेव्हा असे खूश नव्हते हो."

मग मास्तरनं टेम्पोतून पोतं आणलं. दुकानामागच्या मोकळ्या जागेत खडीचे ढीग होते. मास्तरनं पोतं मागे बांधलं, फेऱ्या मारल्या, ठसा बघितला, स्प्रिंगचा ताण बदलला, पुन्हा फेऱ्या मारल्या. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"काका, काकूंनाच आणा ना. दोघं बसून बघा."

"तिचं वजन मला माहीत आहे."

"वजनाचं नाही हो. त्यांना आवडतंय का ते कळेल."

"ती भिडेनं हो म्हणेल."

"माझी आई असती तर नसती हं भीड ठेवली." तिनं पलीकडची आणखी एक गाडी दाखवली, स्टिअरिंगची, वर छत असलेली. "ही बघा. हिच्यात दोघं शेजारी बसतात. गप्पा मारत जाता येतं."

"गप्पा?" मास्तरनं विचारलं. एखाद्या नव्या सुट्या भागाचं नाव ऐकावं तसं. मग त्यानं टेप काढली आणि गाडीची रुंदी मोजली. पायवाटेच्या तोंडाशी दोन दगडी खांब होते, त्यांच्या मधून ही गाडी जाणार नव्हती.

"मागच्या बाजूनं रुंद रस्ता आहे की," मेहुणा म्हणाला. "लाकडाचे ट्रक जातात तो. टेकडी तीच."

"लांब पडतो."

"तुम्हाला कुठं आग विझवायला जायचंय, भाऊजी?"

पण मास्तरचं ठरलं होतं. छताच्या गाडीतल्या शेजारच्या सीटला पाठीची गादी बेताची होती. घ्यायची तर मघाची मागच्या सीटचीच. त्यानं ती घेतली, घरी आणली, खालच्या गॅरेजमध्ये मागच्या सीटचं कव्हर उसवलं आणि कारखान्याचा फोम काढून आपला घातला. थरावर थर. कण्याच्या जागी पोकळ पट्टी, कमरेला आधार. त्या दिवसांत तो जेवायलाही उशिरा वर येई. इतक्या मायेनं त्यानं कुणासाठी काही केलं नव्हतं, आणि ज्या बाईसाठी करत होता ती वर खिडकीत बसून होती.

मेहुण्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं बहिणीला पोत्याची गोष्ट हसत हसत सांगितली, हेल्मेटसकट. ती हसली नाही. मास्तर वर आला तेव्हा तिनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"माझ्या जागी वाळू बसवलीत?"

"वजन तेवढंच आहे."

"असेल. पण मी इथंच होते. घरात. हाक मारली असती तर आले असते."

"तू छान म्हणाली असतीस."

"इतक्या वर्षांत कधी म्हटलंय मी छान?"

मास्तर विचारात पडला. खरोखरच आठवू लागला. ती उठून आत गेली. जायचं मात्र तिनं रद्द केलं नाही. शब्द दिला होता.

ठरल्या दिवशी दोघं निघाली. खांबांच्या मधून गाडी अलगद आत शिरली. वाट अरुंद होती, मुळं वर आलेली, मधे मधे सुटे दगड. मास्तर अशी गाडी चालवत होता की भरलेला ग्लास ठेवला असता तरी सांडला नसता. प्रत्येक दगड तो आधी हेरत होता, प्रत्येक खड्ड्याला वेग उतरवत होता. मागच्या चाकाचा दणका सीटपर्यंत पोचतो का, याकडे त्याचं सगळं अंग लागलं होतं. पोचत नव्हता. मधून मधून मागून कसलीशी बारीक घरघर येई. सामानाच्या डब्याचं बिजागर सैल असावं, त्यानं मनाशी म्हटलं. परत गेल्यावर आवळायला हवं. एका मोठ्या मुळावरून जाताना त्याची मान हलली. घरघर थांबली. मग जरा वेळानं पुन्हा सुरू झाली, आणि शेवटच्या चढावर पूर्ण बंद पडली.

वर पोचल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. ती मुठी धरून खाली उतरली आणि हेल्मेट काढून उभी राहिली. दोन्ही दऱ्या होत्या तशाच होत्या. मास्तर तिच्या जवळून वळसा घालून मागे गेला, सीटवर वाकला आणि तळहात दाबून फिरवला.

"सगळीकडे सारखा!" तो म्हणाला. "पाठ दुखली नाही ना?"

"नाही."

"जराही?"

"जराही नाही. अशी सीट मी जन्मात बघितली नाही."

मास्तरचा चेहरा उजळला. भिडेचा आवाज त्याला ओळखता येई, आणि हा तो नव्हता. ठसाही साक्ष देत होता. "मग झालं तर. दर आठवड्याला येऊ."

"मी जातेय हो ताईकडे."

त्याला वाटलं, तिला कळलं नाही. "अगं, पण पाठ दुखली नाही म्हणतेस ना?"

"पाठीनं नव्हतं ठरवायचं. मी ठरवणार होते." ती एका दगडावर बसली. "वर येताना मी तुमच्याशी बोलत होते."

"कधी?"

"सबंध वाट."

त्यानं सामानाच्या डब्याकडे बघितलं. "मला वाटलं बिजागर वाजतंय."

"वाटलं असेल. मधे तुम्ही मान हलवलीत, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, ऐकलं."

"मूळ होतं ते. मोठं."

"हो, पुढे विचारल्यावर मान हलली नाही, तेव्हा समजले."

"काय विचारलंस?"

"चलता का माझ्याबरोबर, म्हणून. ताईचा वरचा मजला रिकामा आहे. खाली अंगण आहे, तुम्हाला काहीबाही शिवत बसायला जागा आहे. नुसती निघून जायची माझीही छाती होत नव्हती. पाठीकडे बघून विचारणं सोपं वाटलं. आरशात तोंडही दिसत नव्हतं तुमचं, नुसतं हेल्मेट."

"मग आता विचार."

ती दरीकडे बघत राहिली. "आता तुम्ही हो म्हणाल. आणि तिथं जाऊन ताईच्या खुर्च्या उसवाल. नको."

मास्तरनं तोंड उघडलं. काहीतरी बोलायला हवं एवढं त्याला कळत होतं. जे ओठावर आलं ते असं होतं: "उतरताना पुढे झुकू नकोस. कमरेवर येईल." ती हेल्मेट घालून मागे बसली. उतरतानाही तिला हिसका बसला नाही.

ती गेली ती मेहुण्याच्या टेम्पोतून. पेटी आणि दोन पिशव्या. मेहुण्यानं त्या दिवशी एकही विनोद केला नाही. मास्तरनं पुढच्या सीटवर एक उशी टाकून दिली. तिनं ती मांडीवर घेतली.

मास्तरनं नंतर बरेच दिवस त्या प्रकाराचा विचार केला, आणि तो आपल्या पद्धतीनं केला. सीटमध्ये दोष नव्हता. दोष आवाजाचा होता. इंजिन, वारा, हेल्मेटची जाड अस्तरं. त्यानं चौकशी केली, हेल्मेटच्या आत बसवायची बोलण्याची यंत्रं आणली आणि दोन्ही हेल्मेटांत बसवली, कानाला टोचणार नाहीत अशी, मऊ कापडात शिवून. मग ताईच्या घरी फोन केला. तिनंच उचलला.

"मी बोलतोय."

"बोला."

"हेल्मेटमध्ये यंत्र बसवलं. आता मागचं सगळं पुढे ऐकू येतं. पुढचं मागेही. कुजबुजलं तरी येतं."

"बरं झालं."

"कानाला लागत नाही. अस्तराच्या आत घेतलंय."

"हं." ती थांबली. मागे कुणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत होता. "आणि?"

मास्तरनं गॅरेजभर नजर फिरवली. गाडी होती, हेल्मेटं होती, कोपऱ्यात फोमचे तुकडे होते.

"बॅटरी दिवसभर पुरते," तो म्हणाला.

तिनं लगेच फोन ठेवला नाही. आयुष्यभर तिनं न बोलणाऱ्या माणसांसाठी लाइन उघडी ठेवली होती, आणि कुणाला किती वेळ द्यायचा हे तिला पक्कं माहीत होतं. तेवढा वेळ तिनं त्यालाही दिला. मास्तर फोन कानाला घट्ट लावून, ती काही बोलेल म्हणून वाट बघत राहिला.