सेरंगूनची फुलपाखरांची पेटी

निवृत्तीनंतर बहुतेक प्रकरणं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. चोरीला गेलेल्या सायकली, शेजाऱ्यांची भांडणं, फोनवरून फसवले गेलेले म्हातारे. पण सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या एका फ्लॅटमधला डांबरगोळ्यांचा वास अजून नाकात आहे. कपड्यांच्या कपाटातून तो आला की ती घटना जशीच्या तशी आठवते.

आधी माझ्याविषयी थोडं. वडील बँकेच्या नोकरीसाठी सिंगापूरला आले. मी इथेच जन्मलो आणि इथल्याच पोलीस दलातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. आईचा दंडक होता, उंबऱ्याच्या आत मराठीच बोलायचं. त्यामुळे ठाण्यात एखादा मराठी माणूस तक्रार घेऊन आला की त्याला माझ्याच टेबलाकडे पाठवायचे. आपली माणसं पोलिसांकडे सहसा येत नाहीत, आणि आली तरी आधी गाव कुठलं, आडनाव काय, पाहुणे कोण हे सगळं झाल्याशिवाय मुद्द्यावर येत नाहीत. मी ते होऊ देत असे. गप्पांत माणूस सैल होतो.

त्या दिवशी आलेल्या बाई साठीच्या पुढच्या, निवृत्त अकाउंटंट. बोलणं मोजकं आणि नेमकं. त्यांचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, काही महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेले. त्यांना नाद एकच होता, फुलपाखरं आणि पतंग जमवण्याचा. हा छंद कसा चालतो ते मला बाईंकडूनच कळलं. वाळवलेलं फुलपाखरू पंख मिटून तिकोनी कागदी पुडीत घालतात आणि पोस्टाने देशोदेशी पाठवतात. तुझा एक पतंग दे, माझी दोन फुलपाखरं घे, असे सौदे चालतात. पुडी आली की ओलसर डब्यात ठेवून पंख मऊ करायचे, मग लाकडी फळीवर पसरून पुन्हा वाळवायचे आणि टाचणी लावून काचेच्या पेटीत बसवायचे. यजमानांच्या अशा पेट्यांनी एक आख्खी खोली भरली होती.

तो सगळा संग्रह बाईंनी एका महाविद्यालयाला द्यायचं ठरवलं. तिथली माणसं न्यायला येणार म्हणून त्यांनी बऱ्याच महिन्यांनी कपाट उघडलं, तर एक पेटी गायब. त्यात बर्डविंग जातीची फुलपाखरं होती, पंख पसरले की तळहाताहून मोठी, मखमली काळ्यावर सोनेरी. यजमानांचा जीव होता त्यांच्यावर.

"घरात मी आणि ती. तिसरं कोण आहे, साहेब?" बाई म्हणाल्या.

"ती म्हणजे?"

"हेल्पर. इंडोनेशियाची आहे. चार वर्षं झाली आमच्याकडे."

चौकशी सुरू झाली की काम करणाऱ्या बाईला त्या घरात ठेवता येत नाही. आम्ही तिला एका संस्थेच्या निवाऱ्यात हलवलं. तिच्या सामानात काही मिळालं नव्हतं, पण कपाटाच्या काचेवर तिच्या बोटांचे ठसे मिळाले. माझा सार्जंट खूश झाला. "सर, ओपन अँड शट लाह," तो इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, म्हणजे सरळसोट प्रकरण. मी म्हटलं, काच रोज पुसायची तिला ताकीद आहे, ठसे नसते तर मला नवल वाटलं असतं.

पण खरी भीती कोर्टाची नव्हतीच. इथे हेल्परचं वर्क परमिट मालकाच्या हातात असतं. पुरावा नसला तरी मालकीण म्हणू शकते, नको मला ही. मग विमानात बसवून परत पाठवणी, आणि चोरीचा डाग लागलेलीला पुन्हा कोण बोलावणार? चोर सोडून संन्याशाला सुळी देणं किती सोपं असतं, हे नोकरीत मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

मी फ्लॅटवर गेलो. खोलीतला एसी यजमान गेल्यापासून बंद, त्यामुळे हवा दमट. बाई दारातच थांबल्या. "ते गेल्यावर मी इथे पाऊल टाकलं नव्हतं, आता पेट्या मोजायला म्हणून आले तेवढंच," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मी एकेक पेटी बाहेर काढून पाहिली. फुलपाखरांतलं मला काही कळत नाही, पण फोटोग्राफीची हौस आहे. सिंगापूरच्या हवेत कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी लागते. पुडीतले दाणे कोरडे असले की निळे, ओल शोषली की गुलाबी. ही पुडी मी माझ्या घरी सारखी बदलतो. तशाच पुड्या प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात होत्या, आणि सगळ्यांतले दाणे चक्क निळे होते.

मग डांबरगोळ्या पाहिल्या. त्या दिवसेंदिवस झिजतात, काही महिन्यांत वाटाण्याएवढ्या होतात. या गोल गरगरीत होत्या.

म्हणजे कपाट उघडणाऱ्याने एक पेटी नेली, आणि जाण्यापूर्वी उरलेल्या सगळ्या पेट्यांची देखभाल करून गेला. साधा चोर हातात येईल ते उचलतो आणि पळतो, त्याला मागे काय कुजतंय याची फिकीर नसते. इथे पाणी दुसरीकडेच मुरत होतं.

मी निवाऱ्यात जाऊन हेल्परला भेटलो. मला मलय येतं आणि तिची भाषा जवळपास तीच, म्हणून दुभाषा लागला नाही. ती कॅन्टीनच्या बाकावर ताठ बसली होती. रडून झालेलं दिसत होतं.

"मला त्या कपाटाची भीती वाटते, सर," ती म्हणाली. "मेलेल्या वस्तू. वास येतो. मी काच पुसते आणि पळते."

"परत पाठवलं तर काय होईल?"

"माझी सासू वाटच बघते आहे. मी निघाले तेव्हाच म्हणाली होती, परक्या घरात राहून हात लांब होतात. आता तिचं खरं होईल. माझी मुलगी तिच्याजवळ राहते. ती तेच ऐकत मोठी होईल."

मी विचारलं, बाई घरी नसताना कुणी आलं होतं का. ती लगेच म्हणाली, "सेंगकांगचे अंकल. आंटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती तेव्हा. थांबतो म्हणाले. मी चहा दिला आणि भाजी आणायला खाली गेले. आले तेव्हा ते गेले होते."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सगळे मलाच विचारत होते, तू कुठे होतीस. दुसरं कोण आलं, हे कुणी विचारलंच नाही."

सेंगकांग भागात राहणारे हे गृहस्थ मूळचे पुण्याचे, आयटी कंपनीत मॅनेजर, यजमानांचे छंदातले जोडीदार. दर रविवारी दोघं त्या खोलीत बसत. बाईंकडून आणखी एक कळलं. पेटी हरवल्याचं कळताच त्यांनी बाईंना समजावलं होतं, "जाऊ द्या ना वहिनी, पोलीस कशाला?" तक्रार करू नका म्हणणारा माणूस एकतर फार भला असतो, नाहीतर चोराच्या मनात चांदणं.

मी त्यांना जाणकार म्हणून ठाण्यात बोलावलं. माणूस सभ्य, हळू बोलणारा. संग्रहातल्या फुलपाखरांची लॅटिन नावं त्यांनी मला न अडखळता म्हणून दाखवली, जणू रोजची स्तोत्रंच.

"तुम्ही कपाट शेवटचं कधी उघडलंत?"

"दादा होते तेव्हा." यजमानांना ते दादा म्हणत. "त्यानंतर हातसुद्धा लावला नाही, सर. धीरच होत नाही."

मी चहा मागवला. इकडचं तिकडचं बोललो. मग सहज सांगितल्यासारखं म्हणालो, "एक अडचण आहे. उरलेल्या पेट्या मुद्देमाल म्हणून ताब्यात घ्याव्या लागतील. आमच्या खोलीत एसी नाही. आणि आतल्या गोळ्या-पुड्या काढाव्या लागतील, तसा नियम आहे."

असा कुठलाही नियम नव्हता. पण ते खुर्चीत पुढे सरकले. "पुड्या काढणार? सर, सगळ्यावर बुरशी चढेल! पंखांचा भुगा होईल!"

"त्या तशाही जुन्याच असणार. गुलाबी पडलेल्या."

"जुन्या कुठल्या? मागच्याच महिन्यात मी सगळ्या बदल..."

ते थांबले. मीही काही बोललो नाही. चौकशीत शांत बसणं हे फार मोठं काम असतं आणि तरुण अधिकाऱ्यांना तेवढंच जमत नाही. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच वाक्य पुरं केलं. "बदलल्या, सर. मीच."

मग सगळं बाहेर आलं. बर्डविंगला परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. यजमानांसाठी ती फुलपाखरं यांनीच परदेशातून आणली होती, कागदी पुड्या लाडवांच्या डब्याच्या तळाशी लपवून. संग्रह महाविद्यालयात गेला की परवाने मागितले जाणार, आणि यांचा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज विचाराधीन. म्हणून पेटी उचलली. निघताना बाकीच्या पेट्यांतले गुलाबी दाणे दिसले आणि राहवलं नाही. महिनोन्महिने कुणी पाहिलं नसणार म्हणून पुड्या आणि गोळ्या बॅगेत आणलेल्याच होत्या.

"दादांचं नाव खराब होऊ नये म्हणून केलं," ते म्हणाले.

"दादांचं, की तुमचं?"

"दोघांचं."

"आणि हेल्परवर आळ आला, हे कळल्यावर?"

"वाटलं, पुरावा नाही तर सुटेल."

"सुटेल, आणि पुढे?"

त्यांनी चहाचा कप दूर सारला. मी विचारलं, "नाव काय तिचं?" इतकी वर्षं दर रविवारी ती त्यांना आल्याचा, कमी साखरेचा चहा देत होती. त्यांना नाव सांगता येईना. मला त्यांचा राग आला, आणि तो मी लपवला नाही. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण या आठवणींत कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलं आहे. पण मला ते पाठ आहे.

पेटी त्यांच्या सेंगकांगच्या घरी, कपाटात, जपून ठेवलेली मिळाली. एकाही पंखाला धक्का लागला नव्हता. वन्यजीव खात्याने ती जप्त केली. त्यांच्यावर रीतसर कारवाई झाली आणि काही काळाने ते कुटुंबासह पुण्याला परतले.

हेल्परची सुटका झाल्याचं सांगायला मी बाईंना घेऊन निवाऱ्यात गेलो. तिथे पोचल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "चुकलं माझं. चल, घरी चल," असं मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही म्हणाल्या, आणि रडल्या. ती पण रडली. मग ती माझ्याकडे वळून मलयमध्ये बोलली.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

मी शब्दाला शब्द सांगितलं. "आंटी चांगली आहे. पण उद्या तिचा चष्मा सापडला नाही, तर ती आधी माझ्याकडे बघेल. मग तिला आठवेल, आणि ती पटकन दुसरीकडे बघेल. मला दोन्ही सहन होणार नाही."

बाईंनी तिचे हात सोडले. मग म्हणाल्या, "खरं आहे. तशी बघेन मी." त्यांनी तिच्यासाठी मरीन परेड भागात दुसरं घर पाहिलं. नव्या मालकिणीला स्वतः फोन करून सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा झाकली नाही. इंडोनेशियात तिच्या सासूलाही फोन लावून दिला, सून निर्दोष असल्याचं मी मलयमध्ये सांगितलं आणि बाई शेजारी बसून राहिल्या.

माझ्या नोकरीत संशय घेणं हे रोजचं काम होतं. तो चुकला की फाइल बंद करायची आणि पुढची उघडायची, असंच मी समजत आलो. या प्रकरणानंतर मी संशयिताशी बोलायला बसण्यापूर्वी थोडा वेळ घेऊ लागलो, कारण विचारलेला प्रश्न परत घेता येत नाही. तिला निर्दोष ठरवणं माझ्या हातात होतं, ते मी केलं. त्या घरात तिला पुन्हा पहिल्यासारखा चहा करता यावा, हे मात्र माझ्याही हातात नव्हतं आणि बाईंच्याही.