पाटीआडचा तांब्या

म्हशीचं दूध चोरीला जातंय, अशी तक्रार घेऊन आलेले ते गृहस्थ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी शिवाजी पेठेच्या हद्दीत उपनिरीक्षक होतो. हे मालक संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकांसमोर धार काढून द्यायचे.

"सायेब, एक म्हैस रोज कमी दूध द्यायला लागलीया. गिऱ्हाइकं हसत्यात. काढून टाकलेल्या गड्याचंच काम हाय. उचला त्याला."

ठाणे अंमलदारांनी त्यांचा अर्ज घेऊन स्टेशन डायरीत नोंद केली. गड्याला आणायला माणूस निघणार, तोच आमच्या खबऱ्यानं सांगितलं की तो दिवाळीपासून हातकणंगल्याला वीटभट्टीवर आहे.

मी शेतकऱ्याच्या घरातला. अनोळखी हात लागला की म्हैस दूध आखडते, हे मी लहानपणापासून बघितलेलं. मालकांना विचारलं, "तुमच्याशिवाय तिला हात कोण लावतं?"

"मालकीण. आन् दुपारी गोठा झाडायला येती ती पोरगी. आठवीत हाय. झाडून पाटीभर शेण घेऊन जाती. आई शेणी थापून विकती तिची." बोलता बोलता ते थांबले. "न्हाय सायेब, ती पोरगी तसली न्हाय."

अल्पवयीन मुलीला ठाण्यात आणायचं नव्हतं. पेठेत चोर म्हणून नाव झालं असतं, तर तिची शाळा तिथंच संपली असती. आमच्या महिला हवालदार साध्या साडीत गेल्या आणि तिच्याशेजारी शेणी थापायला बसल्या. मी जरा बाजूला दगडावर बसलो.

"वाकडी व्हायलीया की बाई तुमची शेणी," मुलगी म्हणाली.

"सवय मोडली गं. दूध कुणाला नेतीस?"

तिचे हात थांबले. "धाकट्याला. पाटीआड तांब्या धरून नेती. टायफॉईड झालता त्याला, डॉक्टर म्हणले दूध द्या. आई म्हणती, बघू. रोज बघूच म्हणती."

"मालकिणीला मागायचं की."

"त्यांची पोरगी माझ्याच वर्गात हाय. सगळ्या शाळंत कळंल." मग खाली बघत म्हणाली, "पोटात सारखं दुखतंय. झोप लागत न्हाय. आईला सांगितलं तर ती रडंल."

बाईंनी शेणाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. रडून झाल्यावर ती म्हणाली, "भूक लागलीया."

मालकांना सगळं सांगितलं, तेव्हा ते डोकं खाजवत राहिले. "आन् मी त्या गड्याला फोडायला निघालोतो." मग तोडही त्यांनीच काढली. "गोठा झाडती, त्याचं नुसतं शेणच देतो आमी. आजपासनं शेण आन् दूध. कामाचंच हाय ते. आमच्या पोरीला बाकीचं कशाला कळाय पायजे?"

अर्ज 'तक्रार नाही' म्हणून निकाली निघाला. त्या दिवशी मी हलक्या मनानं जेवलो.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजात असताना खानावळीच्या मावशी मला जास्तीची भाकरी वाढायच्या, पण शेजारच्या ताटाला त्याचा पत्ता लागू द्यायच्या नाहीत. त्याचं मोल मला त्या मुलीमुळे नीट कळलं. त्या वयात अर्धपोटी राहणं एक वेळ सोसतं, वर्गात मान खाली जाणं सोसत नाही. ते एकट्यानं दाबून ठेवलं की अंगावर निघतं. अशा पोराजवळ आधी बसावं, विचारणं मागाहून.

पुढं एकदा गस्तीवर असताना ती दिसली. तांब्या आता पाटीआड नव्हता. काठोकाठ भरलेला, हातात होता. सोबत मालकांची मुलगी होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या, आणि दूध सांडू नये म्हणून सावकाश चालत होत्या.