एक आडवी रेघ, खाली सही

आमच्या इवाईबुवांनी, म्हणजे माझ्या लेकीच्या, सुनंदाच्या, सासऱ्यांनी, सगळ्या जन्मात एकही चूक खोडली नाही. केली नाही असं मी म्हणत नाही हो, खोडली नाही. अमरावतीच्या कॉमर्स कॉलेजात ते आधी अकाउंट शिकवायचे, मग तिथेच प्राचार्य झाले. पहिल्याच तासाला पोरांची खोडरबरं गोळा करून टेबलाच्या खणात टाकायचे. हिशेबनिसांची रीतच अशी, की चुकलं तर खरडायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. बाकीचे ही रीत कॉलेजात ठेवून घरी येतात, हे ती घरी घेऊन आले. घरच्या किराण्याच्या यादीत तूरडाळ दोनदा लिहिली गेली, तर एकीवर रेघ मारून पूर्ण सही. वाणी बिचारा विचारात पडायचा, की प्राचार्यांची सही आहे म्हणजे डाळ द्यायची की नाही. आमच्या सुनंदाच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकीची छापून आली, तर नव्या छापू दिल्या नाहीत. सगळ्या पत्रिका मांडीवर घेऊन बसले. रेघ, बरोबर वेळ, सही. पाहुण्यांना वाटलं, लग्न कॉलेजाचंच आहे.

पुढे त्यांचा लौकिक एवढा वाढला, की गावोगावच्या कॉमर्स कॉलेजांची तपासणी करून दर्जा ठरवणाऱ्या समितीवर त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावू लागले. कॉलेजवाले रांगोळ्या काढायचे, भाड्याच्या कुंड्या मांडायचे, जेवणाचा थाट करायचे. हे आपला भाकर-झुणक्याचा डबा नेऊन शिपायाजवळ स्टुलावर बसून खायचे. "कागद काहीबी सांगते. दार उघडून पाहा लागते," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. एका ठिकाणी शिपायालाच विचारलं, "भाऊ, वाचनालय केव्हा उघडते?" तो सरळ म्हणाला, "तुमी आले का उघडते साहेब." इवाई हसले नाहीत. अहवालात मात्र तेच वाक्य जसंच्या तसं लिहिलं, फक्त शिपायाचं नाव येऊ दिलं नाही.

मग त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी त्यांच्याच कॉलेजाची तपासणी आली. दर्जा चांगला मिळाला तर एम.कॉम.चा वर्ग सुरू होणार होता, आणि तिथे कितीतरी वर्षं तासिकेवर शिकवणारी माझी सुनंदा त्या वर्गावर कायम होणार होती. समिती यायची त्या सकाळी हे किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेक दार उघडत फिरले. संगणकाच्या खोलीचं कुलूप उघडेचना, पार गंजलेलं. तोडलं तर आत छत गळून सगळ्या यंत्रांवर ओल. खोली पावसाळ्यापासून बंद होती. आणि इवाईंच्या सहीने समितीकडे गेलेल्या अहवालात लिहिलं होतं, की विद्यार्थी इथे रोज सराव करतात. खालून आलेल्या कागदावर त्यांनी दार न उघडता सही केली होती. त्यांनी, बघा! सगळे म्हणाले, नवं कुलूप लावू, किल्ली हरवली म्हणून सांगू. सुनंदा तिथेच उभी होती. समिती आली तेव्हा इवाईंनी ते पान काढलं, वाक्यावर एक रेघ मारली, शेजारी 'खोली बंद आहे' असं लिहिलं आणि सही केली.

दर्जा एक पायरी घसरला, एम.कॉम. गेलं. सुनंदा रोज बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला जाऊन तिथल्या कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. नात दिवसभर माझ्याजवळ, आईच्या वाटेकडे डोळे लावून. मला राहवलं नाही. त्यांच्या दारात जाऊन म्हटलं, "इवाईबुवा, सही तुमची अन् भोग माह्या पोरीले काहून? तुमाले सून नाही, साक्षीदार पाहिजे होता!" ते खाली मान घालून म्हणाले, "बरोबर हाय तुमचं, ईनबाई." दुसऱ्या दिवसापासून हा निवृत्त प्राचार्य कानटोपी घालून, जुनी स्कूटर काढून सुनेला बडनेऱ्याच्या स्टेशनावर सोडायला लागला. अकोल्यात ती कायम होईपर्यंत तीन वर्षं, एक दिवस खाडा नाही.

ती कायम झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. म्हटलं, "तवा तोंडातून गेलं ते विसरून जा जी." ते म्हणाले, "नाही ईनबाई. खोडाचं नाही. राहू द्या, खालचं वाचता आलं पाहिजे." आणि पेढा तोंडात टाकला.

ते गेले त्याला दिवाळीत वर्ष होईल. माझ्या फोननंबरांच्या वहीत गेलेल्या माणसांची नावं मी पार काळी करून टाकते, नजरेला पडू नयेत म्हणून. परवा सकाळी लेकीच्या घरी बसून त्यांच्या नावावर पेन टेकवलं, तर सुनंदा डबा भरता भरता म्हणाली, "आई, एकच रेघ." मी हळूच एक आडवी रेघ ओढली. नाव खालून स्वच्छ वाचता येत होतं. आता शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. पण बरोबर काय लिहू? पेन धरून बसून राहिले. सुनंदाची गाडीची वेळ झाली, ती निघून गेली. ती जागा अजून कोरीच आहे.