बंद मॉलमधला झेंडू

दसऱ्याला कंपनीत आम्ही बायका आपापल्या मशीनला झेंडू वाहायचो. कंपनी पाडून तिथं मॉल झाला. माझ्या मशीनच्या जागी चपलांचं दुकान आलं, तरी मी दरवर्षी त्याच्या दाराशी फूल ठेवत आले. यंदा पाहते तर सगळी शटरं खाली, पाट्याही उतरवलेल्या. चपलांचं दुकान कुठलं, तेच कळेना.

“आजी, मॉल बंद पडलाय. काय शोधताय?” वॉचमननं विचारलं.

“माझ्या मशीनला फूल वाहायचंय.”

त्यानं थांबलेला सरकता जिना दाखवला. “ह्याला वाहा. मशीनच आहे की!”

त्या जिन्यावर भीतीपायी मी कधी पाय ठेवला नव्हता. तरी फूल ठेवलं. कंपनी गेली तेव्हा ह्याच मॉलला शिव्या घातल्या होत्या. आज हात जोडले, ते कोणाला, कोण जाणे.