हात कनाला

एका बाईची साक्ष मी चुकीची सांगितली आणि त्यामुळे तिच्या नवऱ्याला मारणारा गोरा पोलीस अधिकारी सुटला. हे वाक्य लिहायचं मी अनेक वर्षं टाळलं. लिहून झाल्यावर ते एवढंसं दिसेल असं मात्र वाटलं नव्हतं.

मी तेव्हा ठाण्याच्या फौजदारी कोर्टात दुभाष्या होतो. मॅजिस्ट्रेट साहेब इंग्रजीत विचारत, ते मी मराठीत विचारायचं. साक्षीदार मराठीत सांगे, ते मी इंग्रजीत सांगायचं. घाटावरून नुकताच खाली आलेलो, शिक्षण पुण्यातलं, आणि अभिमान एकाच गोष्टीचा: शब्दाला शब्द. इतर दुभाषे साक्षीदाराचं बोलणं आपल्या मनानं मुरडून सांगत. मी तसं कधी करणार नाही, असं घरी बायकोलाही मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

प्रकरण खाडीकाठच्या एका आगरी गावातलं होतं. ठाणं आणि कल्याण यांच्या मधलं हे गाव. माणसं भातशेती करत आणि उन्हाळ्यात मिठागरावर राबत. सरकारी मीठ चोरीला जातं अशी खबर लागल्यावरून पोलीस खात्यातला एक तरुण गोरा साहेब शिपाई घेऊन झडतीला गेला. मिठागराच्या बांधावर एक माणूस मीठ ओढत होता. साहेबाला वाट द्यायला तो वेळेवर बाजूला झाला नाही, असं काही जण म्हणत; काहीच घडलं नाही, असं पोलीस म्हणत. एवढं खरं की तो माणूस बांधावरून चिखलात पडला, लोकांनी उचलून घरी नेला आणि पुढे तो उठलाच नाही. डॉक्टर साहेबांनी शव पाहून सांगितलं, याची पानथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, तापानं आधीच वाढलेली होती, ती फुटली. पानथरी नुसत्या पडण्यानंही फुटू शकते.

या देशात गोऱ्यांच्या हातून माणूस मेला की त्याची पानथरी आधीच वाढलेली निघते. हे तेव्हा ठाण्यात पोरंसोरंही म्हणत. मलाही त्याचं कुतूहल होतं. आमच्या सगळ्यांच्याच पोटात ती वाढलेली आहे की काय, म्हणून मी एकदा आंघोळीच्या वेळी डाव्या बरगडीखाली चाचपून पाहिलं होतं. हसू नये, पण पाहिलं होतं.

गोऱ्या माणसावरचा खटला नेटिव मॅजिस्ट्रेटनं चालवायचा नाही असा तेव्हा कायदा होता. त्यामुळे न्यायाला बसलेला साहेबही गोराच. तपास केला होता आरोपी साहेबाच्याच हाताखालच्या शिपायांनी. त्यातले दोघे साक्षीला उभे राहिले.

"माझं तोंड खाडीकडे होतं, सरकार," पहिला म्हणाला.

"माझंही, सरकार," दुसरा म्हणाला.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, खाडीत पाहण्यासारखं काय होतं?

"पाणी, सरकार."

कोर्टात हशा पिकला. साहेबही हसले. हसला नाही तो मागच्या भिंतीशी उभा राहिलेला मिठागरवाल्यांचा जमाव. सगळा खटला आता मेलेल्याच्या बायकोवर येऊन ठेपला होता. ती बांधावर होती आणि तिचं तोंड खाडीकडे नव्हतं.

बाई पिंजऱ्यात आली. अंगानं सडपातळ, मिठानं हातापायांची कातडी फुटलेली. शपथ झाल्यावर मॅजिस्ट्रेट साहेबांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. मारहाण करणं या अर्थानं इंग्रजीत एक बोलण्याची पद्धत आहे, तिचे शब्द सुटे केले तर "अंगाला हात लावणं" असा अर्थ निघतो. साहेबांनी तीच वापरली. मी शब्दाला शब्द ठेवून विचारलं:

"साहेबानं तुझ्या नवऱ्याच्या अंगाला हात लावला का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. प्रश्न समजला नाही म्हणून नव्हे, असा प्रश्न कोणी कसा विचारतो म्हणून. मग म्हणाली, "नाय. हात नाय लावला. हात कनाला..."

मी ऐकलं, "हात कानाला."

कानाला हात लावणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. नको रे बाबा, असं बोलणं माझ्या तोंडून नको, हा त्याचा अर्थ. बाई शपथेवर सांगावं तसं खात्रीनं नाकारते आहे असं मला वाटलं. तिचं तोंड पुढे उघडलं होतं. मी हात वर केला आणि म्हणालो, "बस. विचारलं तेवढंच सांग." आणि वळून साहेबांना इंग्रजीत सांगितलं की साक्षीदार ठामपणे नाकारते.

ते "ठामपणे" माझं स्वतःचं होतं.

आणखी एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती. कानाला हात लावते असं म्हणणारी बाई हात कानाकडे नेतेच. हिचे दोन्ही हात पिंजऱ्याच्या कठड्यावर घट्ट होते. ते मी पाहिलं, मला नवल वाटलं, आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. पुढचा प्रश्न नव्हताच. साहेबांनी लेखणी खाली ठेवली होती.

अधिकारी सुटला. मागच्या जमावातून आवाज उठला, शिपायांनी दारं लावून घेतली, बाहेर कोणीतरी कोर्टाच्या कौलांवर दगड टाकला. त्या आठवड्यात ठाण्यात दुसरा विषय नव्हता. देवळाच्या सभामंडपात सभा भरली. मिठागरवाले, भंडारी, कोळी, दुकानदार, आम्ही कचेरीतले, सगळे एका जाजमावर. जाजमावर म्हणजे अर्थात आम्ही, मिठागरवाले पायऱ्यांवर. पण एवढी माणसं एका कारणासाठी मी तिथे कधी पाहिली नव्हती. सरकारकडे मागण्या ठरल्या. गोऱ्या अंमलदारावरच्या फिर्यादीचा तपास त्याच्याच शिपायांनी करू नये. गोऱ्याला आणि काळ्याला एकच न्यायाधीश असावा. साक्षीदाराची जबानी त्याच्याच भाषेत लिहून त्याला वाचून दाखवावी.

अर्जाचा मसुदा करायला मला सांगितलं. इंग्रजी चांगलं ना माझं. सरकारी नोकर म्हणून सही करता येत नव्हती, पण मसुदा मी केला, आणि तिसरी मागणी लिहिताना माझी लेखणी अडली नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

सभेत एक वकील बोलायला उभे राहिले. "गोऱ्यांना काय बोल लावता? घरची बायकोच म्हणते हात नाही लावला! आता आम्ही कायद्याचा कीस काढून करायचं काय?"

पायऱ्यांवरून एक जण ओरडला, "तिला धाक घातला आसल!"

"धाक की खाऊ?" वकील म्हणाले. लोक हसले. जाजमावरचे जास्त हसले. पायऱ्यांवरचे मान खाली घालून बसले, आणि मला वाटतं, त्या बाईचं पुढचं आयुष्य त्या क्षणी ठरलं. मी हसलो नाही एवढं सांगतो, पण बोललोही नाही. मला वाटत होतं, तिनं नाकारलं हे खरंच आहे. फक्त ते कठड्यावरचे हात काही केल्या जुळत नव्हते.

हे कोडं माझ्याबरोबर राहिलं. पुढे माझी बदली कल्याणला झाली. मी आगरी, कोळी साक्षीदारांची बोली कान देऊन ऐकू लागलो. "पडला" म्हणताना ते "परला" म्हणतात, "डोळा"चा "डोला" करतात, असं टिपून ठेवायचा मला नाद लागला. बायको म्हणे, "कोर्टात ऐकता ते पुरत नाही का?" तिला काय सांगणार, मी कशाच्या शोधात होतो ते मलाच ठाऊक नव्हतं.

कल्याणच्या बंदरावर मीठ विकायला एक म्हातारी बसे. एका सकाळी मीठ घेऊन मी सहज विचारलं, "बाई, उद्या येणार का बसायला?"

"कनाला?" ती म्हणाली.

"काय म्हणालीस? कानाला?"

"कानाला नाय वो, कनाला! कशाला, कशाला!" आणि शेजारच्या कोळणीकडे वळून, "बामनाला ऐकू नाय येत गो. ह्याचाच कान बघाया पायजे."

दोघी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मी तिथेच मिठाच्या राशीशी उकिडवा बसलो. हात कानाला नव्हे. हात कशाला.

थोड्या वेळानं मी तिला विचारलं, "आजी, एखादी बाई म्हणाली, हात नाय लावला, हात कनाला... तर पुढे काय म्हणेल?"

म्हातारीचं हसू थांबलं. "पुढं काय? हात कनाला लावल, असां बोलल. तुमाला कोनी सांगितला ता? आमच्या सोयऱ्यांचे गावान एक रांड हाय, नवऱ्याला सायबानी मारला, न् ही कोरटान बोलली, सायबानी हात नाय लावला. गोऱ्याची साक्षीदारीन बोलतान तिला. मिठागरावर कोनी बाजूला उबी रवू देत नाय. दीर बोलं नाय, जाव बोलं नाय. लग्नान बोलवीत नाय. ती काय सांगाया गेली तरी कोनी आयकून घेत नाय."

"इतकी वर्षं?"

"मग? मेला तो परत आला काय?"

मी आधी सरकारी वाटेनं गेलो. झालेली चूक लिहून कळवली. निकाल लागून गेलेलं प्रकरण पुन्हा उघडता येत नाही, असं उत्तर आलं, आणि माझ्या नोकरीच्या कागदांवर एक ठपका. तो साहेब केव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात वरच्या जागेवर गेला होता. आमच्या अर्जाचं म्हणाल तर खात्यात काही फेरफार झाले, शिपायांचे पट्टे बदलले, आणि साक्षीदारांशी नीट बोलावं असा एक हुकूम कचेरीच्या भिंतीवर लागला. वाचता येणारे त्याच्याखाली उभे राहून पान खात.

तेव्हा उरलं ते गाव. कल्याणहून मचव्यानं गेलो. भरती ओसरत होती, तांडेलानं मला गुडघाभर चिखलात उतरवलं. सारा रस्ता मला भीती होती ती लोकांच्या रागाची नव्हे. तिनं वाक्य पुरं करायला नकार दिला तर काय, ही भीती होती. तिचं ते वाक्य मला ऐकायचंच होतं. अपराधी माणसाला असं कुतूहल शोभतं का, मला ठाऊक नाही, पण होतं.

मीठ ओढायचे दिवस होते. माणसं बांधावर रांगेनं काम करत होती आणि रांगेच्या शेवटी, मोकळी जागा सोडून, ती एकटी. केस पिकले होते. तिनं मला ओळखलं नाही. मी कोण ते सांगितलं तेव्हा तिनं मीठ ओढायचं दाताळं खाली ठेवलं.

तिच्या दिराला मी सगळ्यांना बोलवायला सांगितलं. तो म्हणाला, "हिच्यासाटी? आमाला कामा हायेत."

"माझ्यासाठी," मी म्हणालो. "कोर्टात हिचं बोलणं मी सांगितलं होतं. ते पुरतं सांगितलं नाही."

लोक जमले. मी बांधावर उभा राहिलो आणि तेव्हा विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला.

"बाई, साहेबानं तुमच्या नवऱ्याला मारलं का?"

तिनं दिराकडे पाहिलं, रांगेतल्या बायकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली:

"मी बोललू व्हतू. हात नाय लावला. हात कनाला लावल? आमचे आंगाला हात लावून सायबाचा हात मलल नाय का? बुटानी मारला. परला, मंग परत बुटानी मारला. ता सांगाचा व्हता, त ह्यो बोलला, बस."

दूर कुठे दाताळ्याचा खरखर आवाज येत होता, तो थांबला. एक म्हातारा स्वतःशीच म्हणाला, "बुटानी." आणि मला कळलं, तिला माझा प्रश्न पहिल्या दिवशीच पुरता समजला होता. या लोकांच्या अंगाला हात न लावणारा तो एकटा साहेब नव्हता. फौजदार, शिपाई, सभेतले आम्ही जाजमावरचे, कोणीच लावत नव्हतो. मी जे विचारलं त्याचं तिनं खरं उत्तर दिलं होतं.

मी बरंच काही ठरवून आलो होतो. क्षमा, पश्चात्ताप, असे शब्द मचव्यात जुळवले होते. त्यातला एकही तिथे तोंडात येईना. मी खाली वाकलो, दोन्ही हातांनी माझे दोन्ही कान धरले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो:

"हिनं खरं सांगितलं होतं. खोटं मी सांगितलं. हिचं तोंड मी बंद केलं आणि इतकी वर्षं तुम्ही ज्याचा राग हिच्यावर काढलात, तो माणूस मी आहे. बाई, माझं चुकलं."