सूचना : निरंक

मालूबाई निंबोल्याची लेक, लग्नानंतर बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरची झाली. केळीच्या घडावरून फण्या उतरवायला बसली की तिच्या विळ्याच्या वेगाला गावातल्या बायका हार मानायच्या. नवरा दगा ट्रॅक्टर चालवायचा. स्वभावाने अबोल, पण बायकोच्या शब्दाबाहेर नसलेला. दोघांना एकच लेकरू, रेवा.

रेवा चार वर्षांची झाली तरी बोलेना. हाक मारली तर वळून बघेना. पिठाची गिरणी सुरू झाली की कान दाबून न्हाणीत जाऊन बसायची. गावाने ताईत सांगितले, धागे सांगितले. सासूने तर सुनेच्या माहेराचा उद्धार केला. शेवटी इंदूरच्या एका डॉक्टरणीने कागदावर 'ऑटिझम' असं लिहून दिलं आणि म्हणाली, "हा रोग नाही. पोरगी अशीच आहे. तिला कळेल तसं सांगायला तुम्हीच शिका."

मालूबाई शिकली, आणि तेही आपल्या आपण. रेवाच्या कानावरून शब्द नुसते वाहून जातात, पण वस्तू तिला कळते, हे तिने हेरलं. मग बाहेर जायचं असलं की ती आधी चप्पल दाखवायची, आंघोळीआधी तांब्या. पुढे काय घडणार ते डोळ्यांना दिसलं की पोरगी शांत राहायची.

ते समावेशाचे दिवस होते. अपंग मुलांना सगळ्यांच्या वर्गात बसवा असे आदेश वरून यायचे. कसं बसवायचं, ते कुणी सांगत नव्हतं. गावच्या शाळेतल्या सुधाकर सरांनी मालूबाईलाच वर्गात बोलावून तिची रीत समजून घेतली. म्हणून रेवा आठवीपर्यंत शाळेत टिकली.

रेवा पंधरा वर्षांची असताना, दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत, सरांच्या हाती एक पत्र आलं. ऑटिझम असलेल्या आणि इतर अपंगांसाठी पाच वर्षांची सरकारी योजना आखायची आहे, पालकांनी येऊन सूचना द्याव्यात, मुलांनाही आणावं. मालूबाई आठ दिवस फण्या उतरवता उतरवता मनात वाक्यं जुळवत होती. आपल्याला कुणी काही विचारतंय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

सभा बुऱ्हाणपुरात एका सभागृहात होती. दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या तोंडाशी गिरधर आपल्या तीनचाकी सायकलवर बसला होता. राजघाटाकडे घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, पाय लहानपणीच गेलेले.

"वर नाही का जायचं, भाऊ?" मालूबाईने विचारलं.

"वर अपंगांची सभा आहे ना ताई, म्हणून मी खाली," गिरधर म्हणाला. "शिपाई म्हणतो, उचलून नेतो. मी काय सिमेंटची गोणी आहे?"

मालूबाई रेवाचा हात धरून सरांबरोबर वर गेली. वर सगळी बडदास्त होती. दिवा लागला, योजना आखणाऱ्या खात्याच्या साहेबांना पाच हार पडले, मग हार घालणाऱ्यांनाही हार पडले. कर्णा कर्कश किंचाळत होता. आवाज कमी करा म्हणून मालूबाईने दोनदा हात जोडले. "बस पाँच मिनट," असं दोन्ही वेळा सांगितलं गेलं. साहेब बोलायला उभे राहिले. दिव्यांग म्हणजे देवाचं रूप, त्यांची सेवा म्हणजे पूजा, असं पाऊण तास चाललं. पहिल्या रांगेतले पाहुणे समोसे खात होते आणि तेलकट बोटं योजनेच्या कागदांना पुसत होते. मालूबाईला ती बोटं बघवेनात.

मग कुणाला तरी फोटो सुचला. एका बाईंनी रेवाला ओढून मंचावर नेलं. साहेबांनी मागून तिच्या खांद्यावर शाल टाकली. काय अंगावर पडलं ते रेवाला कळेना. ती किंचाळली आणि स्वतःचं मनगट चावू लागली.

"इसे बाहर ले जाइए," साहेब हसरा चेहरा तसाच ठेवून म्हणाले. "कार्यक्रम खराब हो रहा है."

मालूबाईने शाल काढून खुर्चीवर टाकली, पोरीला पोटाशी धरलं आणि दाराकडे निघाली. दारात कारकुनाने रजिस्टर पुढे केलं. "दस्तखत कर दो बाई, फिर नाश्ता."

मालूबाई सातवीपर्यंत हिंदीत शिकलेली होती. तिने वाचलं. पानावर सूचनांच्या जागी आधीच छापलेलं होतं: सुझाव निरंक. पालकांनी योजनेला संमती देऊन आभार मानले.

"निरंक म्हणजे काहीच नाही ना?" ती म्हणाली. "अजून कुणी तोंड उघडलं नाही, अन् तुम्ही लिहून बसले?"

"ये तो फॉर्मेलिटी है."

 राग येता तर बरं झालं असतं, ही शिसारी होती, कुजक्या घडात हात गेल्यासारखी. तिने पेन घेतलं, छापलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मला बोलू दिलं नाही. मालूबाई, बहादरपूर.' कारकुनाने रजिस्टर हिसकावून घेतलं, तोवर शाई वाळली होती.

खाली येऊन ती गिरधरच्या सायकलीजवळ पायरीवर बसली. रेवा शांत झाल्यावर ती, गिरधर आणि मागोमाग खाली आलेले सर अशा तिघांनी मिळून सात सूचना काढल्या आणि सरांनी त्या लिहून घेतल्या. सभा तळमजल्यावर घ्या. कर्णा नको. पोरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. शाळेतल्या मास्तरांना आधी शिकवा. बाकीच्या तीन गिरधरच्या. कागद कचेरीच्या आवक खिडकीत देऊन त्यांनी शिक्का मारलेली नक्कल घेतली.

ऑगस्टात योजनेची पुस्तिका शाळेत आली. सातातली एकही सूचना आत नव्हती. मुखपृष्ठावर मात्र रेवा होती, शालीतली, किंचाळण्याच्या आधीच्या क्षणातली. खाली छापलं होतं, 'मुस्कुराता बचपन'. दगाने पुस्तिका पाहिली, पालथी ठेवली आणि उठून अंगणात गेला.

मालूबाईने फोटो काढून टाका म्हणून अर्ज दिला. तीनदा चकरा मारल्या. "फोटो तो इतनी अच्छी आई है," कारकून म्हणाला. शेवटी गिरधरने माहिती अधिकारात विचारलं, फोटो कुणाच्या परवानगीने छापला? उत्तर आलं नाही, पण दुसऱ्या छपाईत रेवाच्या जागी कमळाचं फूल आलं.

पुढच्या वर्षीची सभा तळमजल्यावर झाली. मालूबाई गेली नाही. गिरधर जाऊन आला आणि बहादरपूरला येऊन त्याने सांगितलं, "खाली सभा घ्यायची कल्पना स्वतःचीच, असं साहेबांनी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या."

"अन् बोलू दिलं कुणाला?"

"वेळ संपला म्हणे."

मालूबाई अंगणाच्या पलीकडे थुंकली. मग गिरधरला चहा टाकायला घरात गेली.